दोन हातांची दोन मापं

माझा आजार पहिल्यांदा ओळखला तो उंब्रजच्या बाजारातल्या रखमा कासारणीनं. डॉक्टर मंडळींनी त्याला नाव दिलं ते पुष्कळ नंतर, आणि ते नाव मला आजही नीट उच्चारता येत नाही. रखमानं सांगितलेलं मात्र सगळं आठवतं.

संक्रांतीच्या आधीचा बाजार होता. लढाई चालू होती आणि आमचे हे पलटणीबरोबर समुद्रापलीकडं होते. सणाला हातभर बांगड्या भरायच्या हे तर झालंच, पण ज्यांची माणसं लढाईवर होती त्या आम्ही बायका बांगड्यांना जरा जास्तच जपत होतो. बांगडी फुटली असं आमच्याकडं म्हणत नाहीत, 'वाढली' म्हणतात. शब्द कितीही गोड केला तरी काळजात चर्र व्हायचं ते होतंच.

रखमानं डावा हात घेतला आणि सव्वादोनाच्या मापाच्या डझनभर बांगड्या बघता बघता चढवल्या. मग उजवा घेतला आणि थांबली. उलटापालटा करून बघितला, अंगठ्यानं दाबला. दाबलेल्या जागी खळी पडली ती तशीच राहिली. आम्ही दोघी त्या खळीकडं बघत बसलो.

"वैनी," ती हळू आवाजात म्हणाली, "मागच्या खेपंला उजव्याला अडीचाचं माप घातलं हुतं. आता त्येबी जाईना. तुमच्या दोन हातांची दोन मापं झाल्यात. ह्ये माझ्याकडचं काम न्हाई, डाक्टरला दावा."

मी हसण्यावारी नेलं आणि त्याहून मोठं माप भरायला लावलं. ती नाही नाही म्हणत होती, पण माझ्या हट्टापुढं तिचं काही चालेना. साबण लावून, हात आवळून तिनं पाच चढवल्या. सहावी वाढली, काच अंगठ्याच्या मुळाशी रुतली आणि रक्ताचा एक टिपूस आला. मी तो पदरानं पुसला आणि तीळगुळाचं सामान घेऊन घरी आले.

*

इथं थोडं मागं जायला हवं. या गोष्टीच्या दीड वर्ष आधी सांगलीच्या दवाखान्यात माझा उजवा स्तन काढून टाकला होता.

न्हाताना हाताला गाठ लागली तेव्हा ती हरभऱ्याएवढी होती. सांगायचं कुणाला आणि कोणत्या शब्दांत, यातच ती सुपारीएवढी झाली. माझे वडील साताऱ्याला शाळामास्तर, मी स्वतः मराठी सातवी शिकलेली, आणि तरी हा एक शब्द तोंडातून निघेना. शेवटी हे रजेवर आले तेव्हा त्यांना कळलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला मोटारीत घातलं. पेट्रोल मिळत नव्हतं म्हणून तेव्हा मोटारी कोळशावर चालत. ती मोटार चढ आला की धापा टाकत उभी राहायची, आणि मला वाटायचं, आता हिनं इथंच कायमचं थांबावं.

तपासून झाल्यावर डॉक्टर यांच्याशी व्हरांड्यात बोलत होते. मला दारातून नुसतं दिसत होतं, ऐकू येत नव्हतं. यांनी पलटणीची टोपी हातात घेतली होती आणि तिच्या कडेवरून बोटं फिरवत ती गोल गोल फिरवत होते. डॉक्टर बोलायचे थांबले तरी टोपी फिरतच राहिली. मला काय ते तिथंच कळलं.

आत येऊन हे एवढंच म्हणाले, "कापून काढायचं म्हणत्यात. मी हाय." टाके निघाले त्याच आठवड्यात त्यांची रजा संपली.

घरी आल्यावर चोळीच्या एका बाजूला कापूस शिवून मी पुन्हा कामाला लागले. छातीकडं बघून पहिले काही महिने मी रोज रडत होते, मग एक दिवस रडायचं राहून गेलं. काखेतूनही काही गाठी काढल्यात आणि हात सांभाळा, असं दवाखान्यात सांगितलं असेल. नाही म्हणत नाही मी, पण तेव्हा माझे कान जागेवर नव्हते.

*

हात जड व्हायला लागला तो असा हळूहळू की कधी सुरुवात झाली सांगता येणार नाही. चोळीची उजवी बाही दाटली तेव्हा मी शिवण उसवली. पुन्हा दाटली, पुन्हा उसवली. भाकरी थापताना बोटं परक्याची वाटायची. दुपारी जरा डोळा लागला की एकच स्वप्न पडायचं: मी कृष्णेच्या पाण्यात उभी आहे, पाणी माझ्या उजव्या बोटांतून आत शिरतंय, आणि मला ते थांबवावंसंही वाटत नाही. जाग आल्यावर हात खरोखर भरलेला असायचा.

गावात ज्याचं त्याचं औषध. कुणी नजर लागली म्हणालं. बाळंतिणींचं अंग चोळणारी सोनाई येऊन कढत तेलानं हात रगडून गेली. एकीनं तापवलेल्या विटेनं शेकायला लावलं. रगडल्यावर आणि शेकल्यावर हात दुसऱ्या दिवशी आणखी फुगायचा, आणि मी समजायचे की रोग बाहेर निघतोय.

डॉक्टरकडं का गेले नाही, ते आता लपवण्यात अर्थ नाही. मला वाटत होतं की गाठ परत आली आणि या खेपेला ती हातात शिरली. विचारलं तर डॉक्टर हो म्हणतील. विचारलं नाही तर कुणी हो म्हणायचा प्रश्नच नाही. शहाणी म्हणवणारी मी असा हिशेब करून बसले होते.

संक्रांतीनंतर चौथ्या दिवशी अंगठ्याच्या त्या ओरखड्यापासून काखेपर्यंत हात लालभडक झाला आणि तापानं मी बडबडायला लागले. निरोप गेला, वडील आले आणि मला साताऱ्याला घेऊन गेले. सासूबाईही बरोबर आल्या. त्यांना मी आत्याबाई म्हणत असे, आमच्याकडं तशीच रीत आहे. साताऱ्यातल्या दवाखान्यात तेव्हा नव्या आलेल्या गोळ्यांनी ताप उतरला. सुजेचं विचारल्यावर तिथले डॉक्टर वैतागून म्हणाले, एवढ्या मोठ्या दुखण्यातून जीव वाचला, आता हाताचं काय घेऊन बसलात. माझी मान खाली गेली. खरंच, जीव वाचल्यावर आणखी काही मागायला तोंड नको का?

आत्याबाईंना मात्र ते पटलं नाही. दवाखान्याची पायरी उतरता उतरता त्या म्हणाल्या, "ज्येंनी कापलं त्येस्नीच इचारू. हात तर त्येंच्याच कामापायी सुजलाय." दोन दिवसांनी आम्ही सांगलीच्या गाडीत बसलो. माधवनगर आलं तेव्हा गिरणीचा भोंगा वाजला. तापातून उठलेल्या माणसाला सगळंच लांबून ऐकू येतं. तो भोंगा मला कुणीतरी नाव घेऊन हाक मारल्यासारखा वाटला.

*

सांगलीचे डॉक्टर कानडी मुलखातले, मराठी बोलत ते पुस्तकातलं. त्यांनी छाती, मान, दोन्ही काखा पुन्हा पुन्हा तपासल्या. मी डोळे मिटून घेतले होते. गाठ परत आलेली नाही, असं ते म्हणाले तेव्हा माझा विश्वास बसेना, मी दुसऱ्यांदा विचारलं. मग त्यांनी शांताबाई नावाच्या सिस्टरना बोलावलं. असे हात त्याच बघत. पन्नाशीच्या, पांढऱ्या लुगड्यातल्या, बोलायला हळू. त्यांनी सांगितलं की हातातलं पाणी परत अंगात जायच्या बारीक वाटा काखेतून जातात, आणि गाठी काढल्या तेव्हा त्याही गेल्या.

"म्हंजी पाट बुजला म्हना की," आत्याबाई म्हणाल्या. "पाट बुजल्यावर पानी वाफ्यातच तुंबनार."

सिस्टर त्यांच्याकडं बघतच राहिल्या. आमचा ऊस, आमचं आयुष्य पाणी पाजण्यात गेलेलं, त्यामुळं हे एका दमात समजलं. बुजलेला पाट पुन्हा होणार नाही, हात कायमचा पहिल्यासारखा होणार नाही, हेही सिस्टरनी लपवलं नाही. पण पाणी उतरवता येईल, बोटं वळतील, ताप येणं टळेल. त्यासाठी रोज हलक्या हातानं पाणी वर सारायचं, बोटांपासून खांद्यापर्यंत पट्टी बांधायची आणि हात उंच ठेवायचा. नाहीतर असा ताप फिरून फिरून येणार आणि त्यातला एखादा जिवावर बेतणार.

"पण आधी या बांगड्या वाढवाव्या लागतील," त्या म्हणाल्या.

डॉक्टर घाबरून म्हणाले, "वाढवायच्या नाहीत, काढायच्या आहेत." सिस्टर तोंडावर हात धरून हसल्या. मीही हसले, आणि हसता हसता रडायला लागले.

पाचही बांगड्या मांसात रुतल्या होत्या. निघणं शक्य नव्हतं, पक्कडीनं तोडाव्या लागणार होत्या. आणि यांचं पत्र येऊन पाच महिने झाले होते. इथं बसून मी स्वतःच्या हातानं त्यांच्या नावाच्या बांगड्या फोडायच्या? मी नाही म्हणाले. हात सडला तरी चालेल म्हणाले. वाचणाऱ्याला हसू येईल, पण तेव्हा ते मनापासून बोलले होते. खरं सांगायचं तर मला वाटत होतं की आत्याबाई माझ्याआधी नाही म्हणतील आणि मला त्यांच्या आड लपता येईल. मुलगा त्यांचा होता.

आत्याबाई मात्र उठून व्हरांड्यात जाऊन बसल्या. दुपारभर त्यांची पाठ मला दिसत होती. दवाखान्याच्या आवारात लिंबाची पिवळी पानं एकेक करून पडत होती आणि कुणीतरी ती झाडून काढत होतं. ऊन त्यांच्या पायांवरून सरकत भिंतीवर गेलं तेव्हा त्या आत आल्या, माझ्याजवळ बसल्या आणि माझा सुजलेला हात त्यांनी आपल्या मांडीवर घेतला.

"काढा म्हनावं," त्या सिस्टरना म्हणाल्या. मग माझ्याकडं वळल्या. "माझा बापू आला की हात बगंल. बांगड्या काय, कवाबी भरता येत्यात."

पक्कड लावताना काच उडू नये म्हणून त्यांनीच पदर धरला. पाचही वेळा त्यांच्या ओठांची हालचाल झाली, पण त्या काय पुटपुटल्या ते मी विचारलं नाही. डाव्या हातातल्या बांगड्या तशाच राहू दिल्या.

*

त्यानंतरचे सहा आठवडे माझ्या आयुष्यातले सगळ्यात संथ दिवस होते. सकाळी सिस्टर यायच्या. त्यांचा हात इतका हलका की कातडीवरून पीठ झटकावं तसा फिरायचा. सोनाईच्या रगड्यानंतर हे मला औषध वाटेचना. पण घटका दीड घटका गेली की हातात काहीतरी सैल व्हायचं आणि डोळे मिटायचे. मग पट्टी, मग खाटेच्या दांडीला झोळी बांधून हात वर टांगायचा. उत्तर येणाऱ्या मुलीनं वर्गात हात वर करावा तशी मी दिवसभर पडून असायचे, आणि मला कुणी काही विचारत नसे.

त्या दुपारी मी जागी होते की झोपेत, हे पुष्कळदा मलाच सांगता यायचं नाही. छतावर उन्हाची चकती सरकायची. शेजारच्या खाटेवरची विट्याची म्हातारी आपल्या मुलाशी बोलायची, तो दूर कलकत्त्याला सोनं गाळायच्या कामाला होता आणि इथं नव्हताच. मीही यांच्याशी बोलायचे. स्वप्नातली कृष्णा आता उलटी वाहायची, बोटांकडून वर. काठावर हे उभे असायचे, टोपी हातात. जवळ या म्हटलं की नुसते हसायचे.

पट्टी घरी कोण बांधणार म्हणून सिस्टर आत्याबाईंना शिकवायला बसल्या. शिकवलेल्या बायकांना हे जमायला आठवडा लागतो, असं त्यांनी आधीच सांगून ठेवलं. बोटांकडं घट्ट, खांद्याकडं सैल, सुरकुती नको, हे तिचं मर्म. आत्याबाईंनी एकदा बघितलं आणि पट्टी हातात घेऊन सरसर बांधून दाखवली. सिस्टरनी बोट घालून जागोजागी चाचपून बघितलं. कुठं नाव ठेवायला जागा नव्हती.

"त्यात काय हाय," आत्याबाई म्हणाल्या. "मालकांचा पटका मीच बांदायची. कपाळाशी घट्ट, माथ्याकडं सैल. फकस्त ह्यो आडवा हाय."

तिसऱ्या आठवड्यात मनगटाचं हाड दिसलं. मग बोटांच्या पेरांवर सुरकुत्या आल्या. सुरकुत्या बघून आनंदलेली बाई सिस्टरनी बहुतेक पहिल्यांदाच पाहिली नसेल, पण माझ्याइतकी मोठ्यानं ओरडलेली पहिलीच असेल. ज्या दिवशी मूठ वळली त्या दिवशी मी ती दर पाच मिनिटांनी वळून बघत होते.

आणि त्याच आठवड्यात यांचं पत्र आलं, साताऱ्याहून फिरून. सरकारी माणसांनी दोन ओळी काळ्या केल्या होत्या. उरलेल्या ओळींत ते खुशाल होते, तिथं द्राक्षाचे मळे आहेत असं लिहिलं होतं आणि, माझ्या वडिलांनी कळवलं असावं, तुझा हात कसा आहे असं विचारलं होतं. मी उजव्या हातानं उत्तर लिहिलं. अक्षर किरटं आलं, पण माझं आलं. सुजेचं, सिस्टरचं, आत्याबाईंच्या पटक्याचं सगळं लिहिलं. बांगड्यांचं लिहिलं नाही.

हे मी लिहितेय ते माझ्यासारखी दुसरी कुणी बाही उसवत बसली असेल म्हणून. बाई गं, विचार. मी इतके महिने जिला भीत होते ती गाठ तिथं नव्हतीच. त्या हाताला रगडू नकोस, शेकू नकोस, त्यात काच भरू नकोस, आणि जीव वाचला तेवढं पुरे म्हणणाऱ्याकडून उठून पुढच्या दारी जा. हात मागणं म्हणजे हाव नव्हे.

*

घरी आल्यावर आत्याबाई रोज सकाळी पट्टी बांधायच्या. बांधून झाली की पाठीवर थाप मारायच्या, बैलाला मारतात तशी. चार महिने असे गेले. मग एक दिवस तार आली. ती इंग्रजीत होती, पण तारवाल्याचं तोंड मराठी होतं.

त्या दिवसातलं मला तुकड्यातुकड्यांनी आठवतं. ओटीवर पुष्कळ बायका होत्या. कुणीतरी माझा डावा हात धरला आणि पाटा-वरवंट्यातला वरवंटा आणला. उजव्या हाताला पट्टी होती, त्या हाताकडं कुणी आलं नाही. काच फुटायचा आवाज दुसऱ्या घरातून आल्यासारखा येत होता. मग भावकीतल्या एकीचा आवाज अगदी जवळून आला.

"एका हाताच्या तर हिनं सांगलीतच वाढवल्या हुत्या."

ज्या वाक्याला मी चार महिने भीत होते ते हेच होतं. फक्त ते बाहेरून कुणी म्हणेल असं मला वाटलं नव्हतं, मी ते स्वतःलाच म्हणत आले होते. मी आत्याबाईंकडं बघितलं. एकुलता मुलगा गेलेल्या आईनं त्या घडीला मला काहीही म्हटलं असतं तरी मी मान खाली घालून ऐकलं असतं.

आत्याबाईंनी डोकं वर केलं. "ह्येचा बाप गेला," त्या म्हणाल्या, "तवा माझ्या हातात कोपरापातूर चुडा हुता." एवढं बोलून त्यांनी माझं डोकं आपल्या मांडीवर ओढून घेतलं.

सुतकाचे दिवस सरेपर्यंत पट्टी बांधायचं कुणाच्या ध्यानात राहिलं नाही. कार्य झालं, माणसं पांगली, आणि माझा हात पुन्हा कोपरापर्यंत भरला होता. मला त्याचं काही वाटत नव्हतं. उलट बरंच वाटत होतं म्हणा. अशाच एका सकाळी मी भिंतीला टेकून बसले होते. दवाखान्यातल्या पट्ट्या धुऊन धुऊन विरल्या होत्या, आणि कापड तेव्हा कंट्रोलात, नवं मिळायचं नाव नव्हतं.

आत्याबाईंनी यांची ट्रंक उघडली. तळाशी यांचा पटका होता, लढाईवरून आल्यावर घालायचा म्हणून धुऊन, खळ घालून, घडी करून ठेवलेला. त्यांनी तो उलगडला. खोलीभर लांब झाला. त्याचं एक टोक पायाखाली धरून त्यांनी दातांनी कड तोडली आणि उभा फाडत नेला, एक पट्टी, दुसरी पट्टी, तिसरी. मी नको नको म्हणत उठले, तर मला त्यांनी खाली बसवलं.

"हात दे," त्या म्हणाल्या.

बोटांपासून सुरुवात करून त्या खांद्यापर्यंत आल्या. त्या दिवशी पहिल्यांदाच त्यांच्या हातून पट्टी फार सैल बांधली गेली होती, दुपारपर्यंत सगळी सुटून आली. मी ती तशीच हातावर राहू दिली.